पाच डिसमिलांचा संसार

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या बागा दुरूनच ओळखू येतात. त्यांत झेंडू असतो, मेथी-कोथिंबीर असते, फार तर एखादा वेल मांडवावर चढवलेला असतो. तीन महिन्यांत जे पदरात पडते तेवढेच तेथे लावलेले असते. आंबा कोणी लावत नाही. आंबा पाच-सात वर्षे मागतो आणि बदलीचा हुकूम तीन वर्षांत येतो. आपण पाणी घातलेल्या झाडाचा पहिला आंबा आपल्या जागी आलेल्या गृहस्थाने खावा, इतके वैराग्य सरकारी नोकरीने आजवर कोणाला दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तुळस तेवढी प्रत्येक घरी असते, पण तीही डालड्याच्या डब्यात. कारण वृंदावन मालगाडीत चढत नाही.

आम्हा उभयतांच्या आयुष्यात अशा नऊ बागा झाल्या. जबलपूर, बिलासपूर, कटक, रांची, विशाखापट्टणम आणि पुन्हा जबलपूर असा तो प्रवास होता. आमच्यापैकी एकाने जन्मभर सरकारचे हिशेब तपासले आणि दुसरीने घरचे जुळवले; दुसरे काम अधिक कठीण होते याविषयी घरात मतभेद नाही. या मासिकाचे वाचक बहुतेक याच वाटेवरचे प्रवासी असल्याने सामानाच्या त्या अकरा ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने घातलेले क्रमांक आणि ‘पुढच्या गावी उघडू’ म्हणून तीन गावे न उघडलेला पितळी भांड्यांचा खोका यांचे वर्णन करत बसण्याची आवश्यकता नाही. प्रत्येकाच्या घरी तसा एक खोका असेलच.

शेवटची नेमणूक दुर्गला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, वस्तीच्या कडेला, एक बैठे घर घेतले. घर आणि मागची मोकळी जागा मिळून पाच डिसमिल. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. आपल्या हिशेबाने ही जागा नेमकी दोन गुंठे भरते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी आपल्या प्रयोग परिवारातून एका कुटुंबाला दहा गुंठे पुरे होतात हे हिरिरीने मांडले होते. आमच्या दोन गुंठ्यांतले निम्मे घराखाली गेलेले. तेव्हा कोणी आम्हांस शेतकरी म्हणू नये. येथले लोक घरामागच्या अशा तुकड्याला ‘बारी’ म्हणतात, आणि बारी असलेला माणूस हा काही जमीनदार समजला जात नाही. तो फक्त घर पुरे असलेला माणूस असतो.

पुण्या-नागपूरचे आप्त विचारतात, की राहायचेच होते तर सेक्टरांतल्या आखीव रस्त्यांवर राहावे, कॅम्पात का? कॅम्प हे नाव ऐकून त्यांना राहुट्या दिसत असाव्यात. त्यांची समजूत अगदीच निराधार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या बांधकामावर आलेल्या मजुरांसाठी ज्या तात्पुरत्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली ही पहिली. काम संपले की कॅम्प उठायचा. निदान शब्दाचा अर्थ तरी तसाच होता. शेजारच्या मोहल्ल्याचे नावही छावनीच. परंतु आंध्रातून, ओडिशातून, पंजाबातून, बिहारातून आलेल्या त्या माणसांनी झोपडीच्या मागे मुनगा लावला, शेळी बांधली, मुलीचे लग्न त्याच अंगणात केले, आणि कॅम्प उठायचा राहिला तो राहिलाच. मुनगा म्हणजे शेवगा. वैदर्भीय वाचकांना हे सांगायला नको. इतरांनी विदर्भाकडून शिकावे.

मौज अशी की, करार झाला त्या दिवशी हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. येथल्या कचेरीतल्या मराठी कारकुनाला आपण परमुलखात आहोत असे वाटण्याचे फारसे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवी रेघ ओढली गेली आणि तो खुर्चीवर बसल्या बसल्या परप्रांतीय झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे झाले तेव्हा त्याच खुर्चीची आणखी एकदा बदली झाली. माणसाने हलू नये असे ठरवले तरी राज्ये हलतात हे बदलीच्या नोकरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या आधी या घरात कारखान्यातला एक तेलुगू कामगार राहत होता. त्याने जाताना दोन मुनगे, एक पेरू आणि कढीलिंबाची जाळी मागे ठेवली. कोणी दुसऱ्याने लावलेले फळझाड आमच्या वाट्याला येण्याचा हा आयुष्यातला पहिलाच योग. त्या पेरूखाली आम्ही ट्रंका उघडल्या. आयुष्य साधे करावे असा संकल्प वगैरे आम्ही केला नव्हता. गोष्टी एकामागून एक अशा घडत गेल्या: सोफासेट दिवाणखान्यात मावेना, म्हणून तो दिला, कपाट गेले, कारण त्याच्या जागी पैरा ठेवायचा होता. पैरा म्हणजे भाताचा पेंढा. भंडारा-गोंदियाकडे तणस म्हणतात तो. मोटार दोन वर्षे उभी राहिली, कारण जायचे कोठे हेच ठरेना. मग तीही विकली. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली काचेची भांडी रोजच्या वापरात घेतली आणि ती जसजशी फुटली तसतशी कमी झाली. पुस्तके मात्र राहिली. साधेपणाच्या नावाखाली पुस्तके काढून टाकणाऱ्यांविषयी आमचे मत चांगले नाही.

खरा बदल स्वयंपाकघरात झाला. ‘आज भाजी काय करू?’ हा प्रश्न मराठी घरात दिवसातून निदान एकदा विचारला जातो आणि त्याचे समाधानकारक उत्तर देणारा पुरुष अद्याप जन्मलेला नाही. बारीने तो प्रश्नच काढून घेतला. जे तयार असेल ते शिजते. आषाढात पावसाच्या पहिल्या झडीबरोबर कुंपणालगत चरोटा उगवतो. तो आपला टाकळा. कोकणातून आलेल्या आमच्या आजीने तो ओळखला असता, नाव मात्र बदलावे लागले असते. अमारी म्हणजे अंबाडी, बरबट्टी म्हणजे चवळीच्या शेंगा, तुमा म्हणजे दुधी, रखिया म्हणजे कोहळा, पताल म्हणजे टोमॅटो. दोडक्याने तेवढे आपले नाव जवळजवळ जसेच्या तसे राखले आहे. तो येथे डोडका. छत्तीस गडांच्या या प्रदेशात भाज्याही छत्तीस, असे येथले लोक अभिमानाने सांगतात. आम्ही मोजायला बसलो तेव्हा आमच्या कुंपणाच्या आत आणि बाहेर मिळून एकोणीस पालेभाज्या भरल्या. त्यांत चेच आहे, बोहार आहे, लाल भाजी आहे; त्यांतल्या निम्म्या लावाव्या लागत नाहीत, फक्त उपटून टाकू नयेत एवढेच त्यांचे मागणे असते.

उन्हाळ्यात हे सारे वैभव आटते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. नळाचे पाणी ठरल्या वेळीच येते. तेव्हा आंघोळीचे पाणी केळीला, भांड्यांचे मुनग्याला आणि तांदूळ धुतलेले गायीला, अशी वाटणी असते. त्या दोन महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागते. कोहळा किसून उडदाच्या डाळीत घालून त्याच्या वड्या येथे घरोघर वाळत घालतात. आपले सांडगे तेच. शेजारणीने पहिल्या वर्षी आमचे सांडगे पाहून हिंग जास्त झाल्याचे सांगितले. आम्ही तिच्या वड्यांत हिंगच नाही असे सांगितले. तो वाद दहा वर्षे चालू आहे आणि दोन्ही घरी दोन्ही प्रकार होतात.

आता गायीविषयी. गाय कोसली जातीची, छत्तीसगढच्या मैदानातली. चण लहान, रंग तांबूस, दूध थोडे. भरात असतानाही दोन वेळचे मिळून दीड लिटरपलीकडे ती कधी गेली नाही. हिशेबनिसाच्या घरात हिशेब होणारच. तो सांगतो की पैरा, कोंडा आणि ढेप यांचा खर्च धरता तिचे दूध पिशवीतल्या दुधाहून महाग पडले. काटकसरीसाठी गाय पाळावी असे जे सांगतात त्यांनी वही ठेवलेली नसते. शेणाचा आकडा जमेच्या बाजूला लिहिला तर चित्र थोडे सुधारते. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या दिवशी, येथल्या सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घेण्यास आरंभ केला तेव्हा आमच्या गल्लीत शेणाला एकाएकी प्रतिष्ठा आली होती. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले आणि पुढे ती खरेदी थांबली. आम्ही मात्र विकले नाही. आमचे शेण घुरव्यात, म्हणजे उकिरड्यात जाते आणि तेथून वाफ्यांत. उरलेल्याचे छेने थापतात. कटकला चार वर्षे राहिलेल्या माणसाला छेना म्हटले की रसगुल्ला आठवतो. येथे गोवरीला छेना म्हणतात. पहिल्या आठवड्यात शेजारणीने ‘छेना हवा का?’ असे विचारले तेव्हा आम्ही वाटी घेऊन गेलो होतो.

पहाटे साडेचारला ती हंबरते. त्यानंतर झोपण्याचा अधिकार घरात कोणालाही नाही. पाणी, कोंडा, झाडलोट, धार, मग चहा. संध्याकाळी हाच क्रम उलटा. मध्यंतरी कोंबड्या सोडणे, शेळीला पेरूच्या फांदीपासून दूर ठेवणे आणि वाफे. आयुष्य साधे झाले म्हणजे सोपे झाले असे वाचकांनी समजू नये; नोकरीत असताना आम्ही एवढे काम केले असते तर दोन पदोन्नती अधिक मिळाल्या असत्या. फरक एवढाच की, येथे कोणते काम आधी, याचा निर्णय करावा लागत नाही. ज्याला भूक लागली आहे ते आधी.

सणवारांचीही जुळणी झाली. उत्तरेकडचा महिना आपल्या आधी पंधरवडा सुरू होत असल्याने आपली आषाढी अमावास्या ही त्यांची श्रावणी. त्या दिवशी आपल्याकडे दिव्यांची पूजा. येथे हरेली, म्हणजे नांगर, कुदळ, फावडे धुऊन पुजण्याचा दिवस. दारावर कडुलिंबाची डहाळी लागते आणि मुले बांबूच्या गेडींवर चढून चिखलातून चालतात. आमच्या पाटावर त्या दिवशी घासलेल्या समया आणि धुतलेले खुरपे शेजारी शेजारी असतात. पुढच्या अमावास्येला पोळा. तो दोघांचाही एकच. मातीचे बैल ओढणारी येथली मुले पाहिली की नागपूरच्या तान्ह्या पोळ्याची आठवण होते, आणि या मुलखावर भोसल्यांचा अंमल शंभर वर्षे होता हे इतिहासाच्या पुस्तकाशिवायही पटते.

साध्या राहणीच्या गोष्टी निघाल्या की सुशिक्षित मंडळी थोरोचे नाव घेतात. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवसांनी परतला. आपल्या एका नेमणुकीच्या मुदतीइतकाही हा काळ नव्हे. त्याने घेवडा पेरला, गाय मात्र बांधली नाही. गुरे पाळणारा माणूस शेवटी गुरांचाच बांधील होतो असा त्याचा आक्षेप होता, आणि तो खराच आहे. आमच्याकडे याच पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास ऋषिशेतीचा प्रयोग केला, त्यात तर बैलालाही रजा होती. कुदळ आणि माणसाचे हात पुरेत. थोर माणसांना बंधन नको असते. पण ज्यांना सदतीस वर्षे कोणीही, कोठेही, सात दिवसांच्या सूचनेने उचलून ठेवत होते, त्यांचे मागणे निराळे असू शकते. आम्ही गाय राखतो आणि गाय आम्हांस राखते. मराठीत ‘राखणे’ हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. गेल्या नऊ वर्षांत आम्ही दोघे मिळून एकही रात्र घराबाहेर राहिलो नाही. लग्नकार्ये एकेकट्याने उरकली. आप्तांना हे विचित्र वाटते. आम्हांस असे वाटते की, आम्ही ‘मुक्कामी’ आहोत हे सांगण्याची पाळी आयुष्यात प्रथमच आली आहे.

हे सारे येथवर लिहून थांबता आले असते, परंतु गेल्या वर्षापासून प्रश्न बिकट झाला आहे. गाय पंधरा वर्षांची झाली. पाचव्या वेतानंतर ती पुन्हा गाभण राहिली नाही, दूध आटले. कालवडी आणि गोऱ्हे पूर्वीच ओळखीच्या शेतकऱ्यांकडे गेले. त्याच हिवाळ्यात आमच्यापैकी एकीला अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. दुसऱ्याने सकाळी तेथे आणि संध्याकाळी गोठ्यात अशी पाळी धरली. उरलेले सारे शेजारच्या राऊत कुटुंबातल्या त्या बाईने केले, आणि मोबदल्याची गोष्ट काढताच ‘दाई घरी येऊ दे, मग सांडग्यांचे बघू’ म्हणाली.

चिरंजीव पुण्याहून आले. ते सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे एक खोली आमच्या नावाने सहा वर्षे रिकामी आहे. त्यांचे म्हणणे शांत आणि सरळ होते. दूध नाही, तेव्हा गायीचा हिशेब संपला. आईचा गुडघा धरला आहे, बाबांना बहात्तर पुरी झाली. साधे आयुष्य हवे असेल तर पुण्यात भाजी दारात येते, दूध पिशवीत येते, लिफ्ट आहे, दवाखाना चालत गेल्यास दहा मिनिटांवर आहे. यातले एकही वाक्य खोडून काढण्याजोगे नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल खुणा करणाऱ्याला येथे कोठेच खूण करता येईना.

तेव्हा आम्ही कचेरीतला उपाय केला. मुदतवाढ मागितली.

“किती?” चिरंजीवांनी विचारले.

“गाय आहे तोवर,” आई म्हणाली.

ते काही बोलले नाहीत. पंधरा वर्षांची गाय आणखी किती वर्षे काढते याचा हिशेब त्यांनी मनात केला असावा. तो केल्यावर पुढचा, आमचा, हिशेब आपोआप समोर येतो, आणि तो मुलाने बापासमोर मोठ्याने मांडायचा नसतो. आम्हीही तो मांडला नाही. भाकड गायीला दूर गावच्या कोणाकडे देऊन टाकावे असे सुचवणारे हितचिंतक पुष्कळ आहेत. पण नऊ गावांहून उठलेल्या माणसांनी दहाव्या गावाहून एका म्हाताऱ्या जनावराची बदली करावी, हे आमच्याने होणार नाही. तिला कोंडा लागतो, ढेप आता लागत नाही. वहीत हा खर्च ‘निवृत्तिवेतन’ या सदरात पडतो.

चिरंजीव दोन दिवस अधिक राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत पावले मोजत होते. दुपारी नंदिनी रोडवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानातून दोन माणसे आली आणि त्यांनी फरशीच्या कडेने, पेरूला वळसा घालून, थेट गव्हाणीपर्यंत लोखंडी कठडा बसवला. गव्हाणीपाशी चिरंजीवांनी आईला बोलावले, तिचा हात हवेत जसा टेकेल तसा धरायला लावला आणि खडूने तेथे खूण केली. वेल्डिंगवाला म्हणाला, एवढा खाली कठडा कोणी लावत नाही, कमरेच्या वर घ्या. चिरंजीव म्हणाले, याच मापाचा हवा.